छोटं विमान घेऊन दुसऱ्या देशात जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळून तीन वर्षं झाली, जवळपास १८० तास उड्डाण झालंय. आता मित्राच्या मालकीचं चार आसनी सेस्ना १७२ घेऊन, दोन सोबत्यांसह शेजारच्या देशात जायचंय. वाटेत समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. सीमेपलीकडे उडणं वेगळं असतं का, आणि तयारीला सुरुवात कुठून करायची?

उडणं फारसं वेगळं नसतं. सीमा वरून दिसतसुद्धा नाही. अलीकडे शेत, पलीकडे शेत. फरक जमिनीवर असतो. एका देशातून तुम्ही बाहेर पडलात आणि दुसऱ्यात शिरताय हे दोन्हीकडच्या माणसांना आधीच कळलेलं असावं लागतं. त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नसतं, त्यांच्यासमोर असतो फक्त तुम्ही भरलेला फॉर्म. त्या फॉर्ममधलं विमान, माणसं, जागा आणि वेळ प्रत्यक्षात उतरलेल्या विमानाशी जुळली, की काम दहा मिनिटांत आटोपतं. गेल्या वीस-बावीस वर्षांत मी सीमेवर अडकलेले जे वैमानिक पाहिले, त्यांत उड्डाण चुकलेले फार थोडे. बाकी सगळ्यांचं काहीतरी जुळलं नव्हतं.

आधी नियमांचं मूळ सांगतो, म्हणजे पुढचं घोकावं लागणार नाही. ७ डिसेंबर १९४४ ला शिकागोत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याचं पहिलंच कलम म्हणतं, की आपल्या भूभागावरच्या आकाशावर त्या त्या देशाची संपूर्ण आणि एकट्याची सत्ता आहे. पाचव्या कलमात तुमच्यासारख्या अनियमित, बिगरव्यापारी उड्डाणांना पूर्वपरवानगीशिवाय येऊ देण्याची तरतूद आहे. ती वाचून लगेच हुरळून जाऊ नका. करारावर सही असूनही कित्येक देश खासगी विमानांकडून परवानगी क्रमांक मागतात आणि तो हातात यायला दिवस लागतात. म्हणून सुरुवात नकाशापासून करू नका, त्या देशाच्या एआयपीपासून करा. एआयपी म्हणजे त्या देशाने स्वतः छापलेलं वैमानिकी माहितीचं अधिकृत पुस्तक. त्यातला ‘जनरल’ हा भाग उघडा. प्रवेशाच्या अटी, आगाऊ सूचनेची मुदत, कस्टम्स असलेले विमानतळ, सगळं तिथे असतं. क्लबातल्या अनुभवी माणसाचा सल्ला जरूर घ्या, पण तो दोन वर्षं जुना असू शकतो हे लक्षात ठेवून.

आता लायसन्स. इथेच घोडं पेंड खातं. बहुतेकांना वाटतं, ज्या देशात उडायचं त्या देशाने आपलं लायसन्स मानलं की झालं. कराराचं बत्तिसावं कलम वेगळं सांगतं: विमानाची नोंदणी ज्या देशात आहे, त्या देशाने लायसन्स दिलेलं किंवा मान्य केलेलं असलं पाहिजे. तुमचं लायसन्स आणि मित्राच्या विमानाची नोंदणी एकाच देशाची असेल तर प्रश्न मिटला. लायसन्स एका देशाचं आणि विमानाच्या शेपटीवरची अक्षरं दुसऱ्या देशाची, असं असेल तर आधी नोंदणीच्या देशाकडून मान्यता घ्या. वैद्यकीय प्रमाणपत्राचंही तसंच. काही देशांत हल्ली स्वतःच्या घोषणेवर किंवा साध्या डॉक्टरच्या सहीवर उडता येतं. ती सवलत त्या देशापुरती असते, समोरच्या देशाने स्पष्टपणे मान्य केली असेल तरच ती सीमेपलीकडे चालते. घरी बांधलेली किंवा प्रायोगिक वर्गातली विमानं, अल्ट्रालाइट यांचंही हेच दुखणं आहे. त्यांच्या उड्डाणयोग्यतेचा दाखला आंतरराष्ट्रीय मापात बसत नाही, मग प्रत्येक देशाची वेगळी परवानगी. सेस्ना १७२ ला साधारणपणे ही कटकट नाही.

विमानात काय काय ठेवायचं ते एकोणतिसाव्या कलमात आहे: नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, वैमानिकाचं लायसन्स, जर्नी लॉग (विमानाच्या प्रवासांची नोंदवही), विमानात रेडिओ असेल तर त्याचा परवाना, आणि प्रवाशांची यादी. मूळ प्रती. रेडिओच्या परवान्यावर पुष्कळांची विकेट पडते. अमेरिकेत देशातल्या देशात उडताना तो लागतच नाही, त्यामुळे तिथले वैमानिक पहिल्यांदा सीमा ओलांडताना तो काढायलाच विसरतात. त्यांना विमानातल्या रेडिओचा एक आणि स्वतःचा एक, असे दोन लागतात. विमान नुकतंच विकत घेतलेलं असेल आणि नोंदणीचा तात्पुरता कागद असेल, तर तो परदेशात चालतो का ते विचारा, पुष्कळदा चालत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक कागद महत्त्वाचा. विमान मित्राचं आहे आणि मित्र सोबत नाही. मालकाच्या सहीचं पत्र घ्या: अमुक नोंदणीचं विमान, अमुक वैमानिकाने, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, या या देशांत नेण्यास माझी परवानगी आहे. नोटरी केलेलं असलं तर उत्तम. हे पत्र नसेल तर कस्टम्सच्या दृष्टीने तुम्ही दुसऱ्याची महागडी मालमत्ता देशाबाहेर नेणारे अनोळखी गृहस्थ आहात, आणि त्यांचं तसं वाटणं चूक नाही.

विम्याचं एका वाक्यात: पॉलिसीतला ‘प्रदेश’ हा रकाना वाचा आणि समोरच्या देशाला विशिष्ट दाखला लागतो का ते बघा. मेक्सिकोला त्यांच्याकडे मान्य असलेला दायित्व विमा लागतो. युरोपीय संघात किमान रकमा कायद्यानेच ठरलेल्या आहेत.

आता मुख्य गोष्ट, आगाऊ सूचना. प्रत्येक देशाची घडी वेगळी. अमेरिकेत येताना आणि अमेरिकेतून जातानाही ई-एपिस या प्रणालीत वैमानिक आणि प्रवाशांची माहिती उड्डाणाच्या किमान ६० मिनिटं आधी भरावी लागते. येताना त्याशिवाय ज्या विमानतळावर उतरणार तिथल्या कस्टम्सला वेगळं कळवायचं. ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे उतरण्याची परवानगी मिळाली असं नाही, हे तिथे नव्याने जाणाऱ्यांना हमखास कळत नाही. कॅनडात जाताना पोचण्याच्या किमान २ आणि जास्तीत जास्त ४८ तास आधी फोन करायचा असतो, आणि उतरल्यावर पुन्हा. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून जनरल एव्हिएशन रिपोर्ट (खासगी उड्डाणांचा आगाऊ फॉर्म) ऑनलाइन आणि निघण्याच्या किमान २ तास आधी भरणं बंधनकारक केलं. शेंगेन देशांमध्ये आपापसात पासपोर्ट तपासणी नसली, तरी फ्लाइट प्लॅनची अट त्याने सुटत नाही.

या सगळ्यांत वेळ हा सर्वांत घातक रकाना आहे. फ्लाइट प्लॅन झुलू वेळेत, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. कस्टम्सचा फॉर्म बहुधा स्थानिक वेळेत. तुमचं घड्याळ तिसऱ्याच वेळेत. माझ्या दुसऱ्याच सीमापार फेरीत मी समोरच्या देशाचा उन्हाळी वेळेचा फरक उलट्या बाजूने लावला आणि कळवलेल्या वेळेच्या तासभर आधी जाऊन उतरलो. उड्डाण सुरेख झालं होतं, उतरणंही. धावपट्टीच्या कडेला पिवळ्या रेषांच्या चौकोनात विमान उभं केलं, इंजिन बंद केलं, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. सोबतचा मित्र म्हणाला, ‘पाय मोकळे करून येतो.’ मी त्याचा शर्ट धरला. ऊन तापत होतं, खिडक्या किलकिल्या केल्या आणि बसून राहिलो. तासाभराने अधिकारी आले. त्यांचा पहिला प्रश्न होता: ‘कोणी खाली उतरलं होतं का?’ नाही म्हटल्यावर त्यांनी माझा फॉर्म दाखवला, वेळेवर बोट ठेवलं, आणि सोडून दिलं. उतरलो असतो तर दंड झाला असता. अमेरिकेत अशा चुकीला पहिल्या वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि तो वैमानिकाच्या नावावर पडतो. तेव्हापासून मी मांडीवरच्या पॅडवर सगळ्यात वर तीन वेळा लिहितो: झुलू, इथली, तिथली. वारा समोरून आला आणि वीस मिनिटं उशीर होणार असं दिसलं, तर वरूनच रेडिओवर सांगायचं आणि कस्टम्सला निरोप द्यायला विनंती करायची. लवकर पोचणार असाल तर वेग कमी करा. इंधनही वाचतं.

फ्लाइट प्लॅनबद्दल थोडं सविस्तर, कारण देशातल्या देशात व्हीएफआर, म्हणजे बाहेर नजरेने बघत, उडणाऱ्यांना तो भरायची सवय नसते. सीमा ओलांडताना तो जवळपास सगळीकडे सक्तीचा. कुठे निघण्याच्या तासभर आधी, कुठे त्याहून जास्त आधी. भरला म्हणजे तो सुरू झाला असंही समजू नका. अमेरिकेसारख्या देशात व्हीएफआर प्लॅन उडाल्यावर रेडिओवरून उघडावा लागतो आणि उतरल्यावर बंद करावा लागतो. बंद करायला विसरलात तर दिलेल्या वेळेनंतर साधारण अर्ध्या तासात शोधाशोध सुरू होते. शोधपथकं फ्लाइट प्लॅन किती गांभीर्याने घेतात ते पाहायचं असेल तर मथायस रुस्टची गोष्ट आठवा. २८ मे १९८७ ला या अठरा वर्षांच्या पश्चिम जर्मन मुलाने हेलसिंकीहून तुमच्यासारख्याच सेस्ना १७२ मध्ये स्टॉकहोमचा प्लॅन देऊन उड्डाण केलं, थोड्या वेळाने दिशा बदलली आणि संध्याकाळी मॉस्कोत लाल चौकाशेजारी उतरला. पुढे तुरुंग, सोव्हिएत संरक्षणमंत्र्याची हकालपट्टी वगैरे जगाला माहीत आहे. फिनलंडमध्ये मात्र तो रडारवरून दिसेनासा झाल्यावर समुद्रात पडला असं समजून शोधमोहीम सुरू झाली होती. त्याच्यासाठी माणसं पाण्यावर धुंडाळत होती आणि हा भलतीकडेच.

तुमच्या मार्गावर हवाई संरक्षण ओळख क्षेत्र, म्हणजे एडीआयझेड, आहे का ते पाहा. असेल तर त्यात शिरण्याची जागा आणि वेळ आधी सांगावी लागते, चालू ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) आणि दुतर्फा रेडिओ लागतो. अमेरिकेच्या हद्दीत वेळेची मुभा पुढे-मागे ५ मिनिटं, मार्गापासून विचलन जमिनीवर १० आणि समुद्रावर २० सागरी मैलांच्या आत. एक गंमत: या क्षेत्रातून जाणाऱ्या विमानांची नोंदणीची अक्षरं अमेरिकी नियमाप्रमाणे १२ इंच उंच लागतात. जुन्या आणि घरी बांधलेल्या काही विमानांवर ती छोटी चालतात, मग ती मंडळी सहलीपुरती चिकटपट्टीची मोठी अक्षरं लावून जातात. चालतं ते.

लढाऊ विमान शेजारी आलंच तर घाबरून वळू नका. ते पंख हलवून इशारा देतं. तुम्हीही पंख हलवा, त्याच्या मागे जा, १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या फ्रीक्वेन्सीवर बोलायचा प्रयत्न करा, आणि कंट्रोलरने वेगळं काही सांगितलं नसेल तर ट्रान्सपाँडरवर ७७०० हा आणीबाणीचा कोड लावा. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं ००७ पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर १९८४ मध्ये शिकागो करारात नवं कलम आलं, की उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरण्यापासून देशांनी दूर राहावं. कलम आपल्या बाजूने आहे हे चांगलंच, पण हे संकेत मी निघण्यापूर्वी पुन्हा वाचतो. छापलेलं कार्ड खिशात असतं.

आता उंचीमापक. माझ्या मते सीमेपलीकडच्या उड्डाणात जीवघेणा फरक हाच एक. तो हवेच्या दाबावरून उंची दाखवतो, म्हणून तिथला दाब त्यावर लावावा लागतो. काही देशांत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत देतात, बाकी बहुतेक ठिकाणी हेक्टोपास्कलमध्ये. कंट्रोलर घाईत म्हणतो ‘नाइन नाइन टू’. तो सांगतोय ९९२ हेक्टोपास्कल. इंचांची सवय असलेल्या कानाला ऐकू येतं २९.९२, आणि हात तेच लावतो. २९.९२ इंच म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल. २१ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे तुम्ही काट्यावर दिसतंय त्यापेक्षा सुमारे ६०० फूट खाली आहात. ढगांखालून डोंगराळ भागात शिरताना एवढे फूट पुरेसे होतात. उपाय सोपा आहे: परत म्हणून दाखवताना एकक मोठ्याने म्हणा, ‘९९२ हेक्टोपास्कल’. समोरच्याने दुरुस्त करायचं असेल तर त्याला संधी मिळते. ट्रान्झिशन उंची, म्हणजे जिच्या वर सगळे स्थानिक दाबाऐवजी १०१३ हा प्रमाण दाब लावतात ती उंचीही, देशागणिक बदलते. अमेरिकेत ती १८,००० फूट, म्हणून छोट्या विमानात तिच्याशी कधी गाठच पडत नाही. युरोपात काही ठिकाणी ३,००० फुटांवर असते, आणि तिथे तुमची सहल ‘फ्लाइट लेव्हल’मध्ये, म्हणजे त्या प्रमाण दाबावर मोजलेल्या उंचीत, सुरू होते.

बाकी हवाई सवयींत भाषा. मोठ्या विमानतळांवर इंग्रजी चालतं आणि तुमच्या लायसन्सवर इंग्रजीची किमान चौथी पातळी नोंदलेली असावी लागते. पण फ्रान्ससारख्या देशात काही छोट्या, कंट्रोलर नसलेल्या धावपट्ट्यांवर रेडिओ फक्त स्थानिक भाषेत असतो, आणि तसं नकाशावर लिहिलेलं असतं. पहिल्या खेपेला तिकडे फिरकू नका. रात्रीचाही विचार करा: मेक्सिकोत रात्री व्हीएफआर उडता येत नाही. सूर्यास्त कधी आहे ते उतरण्याच्या गावाचं बघा, निघण्याच्या नव्हे.

तुमची समुद्राची पट्टी. फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरियोने २५ जुलै १९०९ ला इंग्लिश खाडी ओलांडली ती होकायंत्राशिवाय, म्हणून तुम्ही तसं करावं असं नाही. हिशेब असा. इंजिन बंद पडलं तर १७२ वारा नसताना दर हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल ग्लाइड करतं. ६,००० फुटांवरून ९ मैल. खाडीची सर्वांत अरुंद जागा सुमारे १८ सागरी मैलांची आहे, म्हणजे ६,००० फुटांवर बरोबर मध्यावर असाल तर कुठलाही किनारा कसाबसा, काठावर. वारा, दचकण्यात गेलेली दहा सेकंदं, किनाऱ्यावरचे कडे, यांतलं काहीही धरलं तर हुकला. म्हणून ढग परवानगी देतील तितकं उंच जा, आणि पट्टी रुंद असेल तर किनारा सुटण्याआधीच हवी ती उंची गाठा, पाण्यावर चढत बसू नका. ढगांचा तळ ३,००० फुटांवर असेल तर दुसऱ्या दिवशी जा. हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड, कारण कस्टम्सला वेळ दिलेली असते, हॉटेल ठरलेलं असतं. तरी.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं, सीटमागे ठेवायचं नाही. १७२ पाण्यावर उतरलं तर ते बाहेर काढून, उलगडून घालायला वेळ मिळणार नाही. आणि आत बसून ते फुगवायचं नाही, नाहीतर दारातून बाहेर पडता येत नाही. हे सोबत्यांना निघण्यापूर्वी एकदा हाताने करून दाखवा. ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन (उपग्रहांमार्फत मदत मागणारा छोटा संदेशक) स्वतःच्या नावावर नोंदलेला आणि खिशात असावा, बॅगेत नको.

इंधनाबाबत फोन करून खात्री करा. विमानतळ मोठा आहे म्हणजे एव्हगॅस, म्हणजे पिस्टन इंजिनाचं विमान-पेट्रोल, मिळेल असं नाही; पुष्कळ मोठ्या ठिकाणी फक्त जेट इंधन असतं आणि ते तुमच्या पिस्टन इंजिनात गेलं तर उड्डाणानंतर काही मिनिटांत इंजिन बंद पडू शकतं. भरताना स्वतः उभे राहा, रंग पाहा, १०० एलएल हे एव्हगॅस निळं असतं. मागणी लिटरमध्ये नोंदवा. गॅलन अमेरिकी ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश ४.५४६ लिटरचा, यात गोंधळाला भरपूर वाव आहे.

पहिलं उतरणं कस्टम्स असलेल्या विमानतळावरच. ते कार्यालय त्या दिवशी, त्या वेळी उघडं आहे ना हे नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचनांत) आणि फोनवरही बघा. वाटेत हवा बिघडून भलत्याच धावपट्टीवर उतरावं लागलं, तर ते सुरक्षेसाठी योग्यच आहे. पण उतरल्याबरोबर कस्टम्सला किंवा नाही जमलं तर स्थानिक पोलिसांना कळवा आणि माणसं-सामान विमानापाशीच ठेवा. सीमेवर गमतीच्या जागाही असतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि कॅनडातल्या मॅनिटोबाच्या हद्दीवर पायनी पाइनक्रीक नावाचा विमानतळ २०२४ पर्यंत होता, त्याची धावपट्टीच दोन देशांत पसरलेली होती.

सोबत्यांच्या पासपोर्टचे फोटो स्वतःकडे मागून घ्या आणि नावं त्यावरून अक्षरन् अक्षर उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं ‘टोपणनाव आडनाव’ चालत नाही. व्हिसा लागतो का हे विमान कंपनी तपासते तसं इथे कुणी तपासत नाही. तुम्हीच कंपनी आहात, आणि प्रवेश नाकारला गेला तर त्याला परत नेणंही तुमच्याच गळ्यात. मूल एकाच पालकासोबत येत असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र. औषधं मूळ वेष्टनात. मोठी रोख रक्कम असेल तर घोषित करा. कॅमेरा नेताय का? कराराच्या छत्तिसाव्या कलमानुसार हवेतून छायाचित्रं घेण्यावर देश बंदी घालू शकतात. खर्च वाटून घेणार असाल तर पलीकडच्या देशात ते व्यापारी उड्डाण धरलं जात नाही ना हे लेखी विचारून घ्या. घरी चालतं म्हणून तिथे चालेल असं गृहीत धरू नका.

परतीच्या वेळी लोक ढिले पडतात, कारण आता आपण ‘घरी’ चाललो असं वाटतं. कस्टम्सला तसं वाटत नाही. बाहेर पडण्याची सूचना, नवा फ्लाइट प्लॅन, आगाऊ माहिती, कस्टम्सच्या विमानतळावर पहिलं उतरणं, सगळं पुन्हा. अमेरिकी प्रणालीत परतीचा फॉर्म निघण्यापूर्वीच भरून ठेवता येतो, आणि तो तसाच भरावा, कारण छोट्या बेटावरच्या धावपट्टीवर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. बेत बदलला तर दुरुस्ती पाठवा. एखादा सोबती तिकडेच आणखी दोन दिवस राहणार असेल तर यादीतून त्याचं नाव काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. तिघांच्या यादीवर दोघं उतरलो, आणि तिसरा समुद्रात पडला नाही हे पटवून देण्यात दुपार गेली.